जरबेरा, अठरा महिन्यांनंतर: सगळं भांडण दीड सेंटिमीटरचं

माती ओली आणि रोप सुकलेलं. हे लिहायला बसण्याचं कारण तेवढंच. आठ कुंड्यांमधलं सगळ्यात जास्त फुलणारं रोप एका रात्रीत मान टाकतं, बोट खुपसावं तर माती गार आणि ओली, आणि मधली कोवळी पानं नुसती धरली तरी देठासकट हातात येतात. देठाचं टोक तपकिरी, बुळबुळीत आणि कुजका वास. अशा वेळी हात आपोआप पाण्याकडे जातो, तो आवरायचा. ओल्या मातीतलं रोप सुकलंय याचा अर्थ मुळं पाणी उचलत नाहीत. आणखी पाणी घातलं की उरलीसुरली मुळंही जातात.

जरबेऱ्याचे रंग किती, फूल किती दिवस टिकतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. इथे मुख्य विषय एकच: क्राऊन. म्हणजे पानं, कळ्या आणि मुळं जिथे एकत्र येतात तो आखूड, जाड गड्डा. या झाडाचं उंच खोड असं काही नसतंच. प्रत्येक नवं पान आणि प्रत्येक कळी त्या सुपारीएवढ्या जागेतून वर येते. ती जागा मातीखाली गेली की आधी कळ्या अडतात आणि मग कूज लागते.

लावताना क्राऊन मातीच्या १ ते २ सेंटिमीटर वर ठेवा, एवढं कोणीही सांगतं. पुढचं कोणी सांगत नाही. जरबेऱ्याची जाड मुळं रुजल्यावर आकसतात आणि क्राऊनला हळूहळू खाली खेचतात. त्यात आपण दर महिन्याला प्रेमाने मूठभर गांडूळखत वरून घालतो, म्हणजे मातीची पातळी चढत जाते. वरून भराभर पाणी ओतलं की माती उडून पानांच्या मध्ये बसते. पहिल्या दिवशी बरोबर लावलेलं रोप म्हणूनच पाच-सहा महिन्यांत चुकीचं लावलेलं होतं, आणि त्याला कोणी हातही लावलेला नसतो.

माझ्या पहिल्या महिन्याच्या नोंदीत 'क्राऊन एक सेंटिमीटर वर पुरे' असं लिहिलं होतं. ते मागे घेतो. एक सेंटिमीटर वर लावलेली तीन रोपं पाचव्या महिन्यात मातीला टेकली आणि अकराव्या महिन्यात देठांचे तळ झाकले गेले. दोन सेंटिमीटर वर लावलेली अजून ठीक आहेत. लावल्यावर ती पहिले दहा-बारा दिवस डुगडुगतात, कुणाला वाटेल अर्धवटच लावलीत. डुगडुगू द्या. फार झुकत असतील तर दोन काड्यांचा टेकू द्या, पण आधारासाठी माती वर ओढू नका.

नर्सरीवाल्यांवरचा राग इथेच आहे. पिशवी हलवताना रोप पडू नये म्हणून ते गळ्यापर्यंत माती भरतात. आणलेलं रोप त्याच पातळीला कुंडीत ठेवलं की घोटाळा पहिल्याच दिवशी सुरू. पिशवी काढल्यावर वरची माती बोटांनी खरवडा, पहिलं जाड मूळ कुठून फुटतंय ते दिसेपर्यंत. ती खरी पातळी.

तपासणी सोपी आहे. महिन्यातून एकदा एक सपाट काडी क्राऊनला लागून मातीवर आडवी ठेवायची. सगळ्यात बाहेरच्या पानाच्या देठाचा तळ काडीच्या वर दिसला तर ठीक. काडीच्या खाली गेला तर चमच्याने भोवतीची माती कुंडीच्या कडेकडे ओढायची, क्राऊनभोवती उथळ ताटलीसारखा खळगा नको, उलट मध्ये किंचित उंचवटा हवा. तेवढ्याने भागत नसेल तर अख्खा गोळा उचलावा लागतो. आदल्या दिवशी बेताचं पाणी, कडेने सुरी फिरवून गोळा बाहेर, तळाला दोन-तीन सेंटिमीटर नवं मिश्रण, त्यावर गोळा परत. वरून दाबायचं नाही. पहिल्यांदा हे करताना रोप मेलंच असं वाटतं. पानं दोन-तीन दिवस मलूल राहतात, सावलीत ठेवली की सावरतात.

मिश्रणाबद्दलचं मतही बदललं. सुरुवातीच्या नोंदींत कोकोपीटची (नारळाच्या काथ्याचा भुसा) फार स्तुती केली होती: हलकं, भुसभुशीत, मुळं झपाट्याने वाढतात. ते खरंच आहे, पण विटेच्या आकारात दाबून विकलेलं कोकोपीट धुतल्याशिवाय वापरलं तर त्यातले क्षार जरबेऱ्याला सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात आणि आपण उन्हाला दोष देत बसतो. दोन-तीन पाण्यांतून पिळून, पाणी गडद तपकिरी यायचं थांबेपर्यंत धुवायचं. आता दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड वाळू किंवा परलाइट (हलके, पांढरे, फुगवलेले खडे) असं मिश्रण घेतो. कुंडी २० ते २५ सेंटिमीटर व्यासाची, तळाला भोकं मोकळी. यापेक्षा मोठी कुंडी म्हणजे मुळांनी न व्यापलेली, सतत ओली राहणारी माती. हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बर्टन भागातलं, निचऱ्याच्या जमिनीतलं. दलदल त्याच्या पिढ्यांनी पाहिलेली नाही.

पाणी सकाळी, कुंडीच्या कडेने, मध्ये नाही. वरचा दोन सेंटिमीटर थर सुकला की द्यायचं, आणि दिलं की खालून निथळेपर्यंत. रोज घोट-घोट पाणी देण्याने वरचा थर कायम ओला राहतो, म्हणजे नेमकी क्राऊनजवळची जागा. सकाळचं ऊन पाच-सहा तास हवं. दुपारच्या कडक उन्हात सावलीची जाळी लागते, पण कायमच्या सावलीत नुसतीच लांब देठांची, लोळणारी पानं मिळतात.

पानं पिवळी पडण्यावर थोडं सविस्तर, कारण इथे काटकसर अंगाशी येते. कोवळं पान पिवळं आणि त्यातल्या शिरा हिरव्या, असं दिसलं तर ती लोहाची कमतरता. मातीत लोह असतंच, पण सामू (मातीचा आम्ल-अल्कपणा, pH) साडेसहाच्या वर गेला की जरबेऱ्याला ते उचलता येत नाही, आणि क्षारांनी जड झालेलं पाणी महिनोन्महिने घातलं की सामू वर सरकतोच. या झाडाला साडेपाच ते साडेसहा मानवतो. स्वस्त म्हणून फेरस सल्फेट घातलं तर अशा मातीत त्याचा बघता बघता गंज होतो. पैसा वाचला आणि पान पिवळंच. ईडीटीए प्रकारचं चिलेटेड लोहही (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं) सामू वाढला की ढिलं पडतं. ईडीडीएचए प्रकारचं महाग असतं, पण तेच चालतं: लिटरला अर्धा ग्रॅम, पानांवर न उडवता मातीत. पाणी लालभडक होतं, घाबरू नका, पानावर उडालं तर लगेच धुवा. सुधारणा नव्या पानात दिसते. जुनं पिवळं पान हिरवं होण्याची वाट पाहू नका. आणि जुनीच पानं खालून पिवळी होत असतील तर ते लोहाचं दुखणं नाही. तिथे नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडतंय, किंवा पानाचं वय झालंय.

खताचं फार अवडंबर नको. आठवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत), लिटरला एक ग्रॅम, ओल्या मातीतच. फुलं सुरू झाल्यावर एक आठवडा ते आणि एक आठवडा १३:००:४५ (स्फुरद नसलेलं, पालाश जास्त). कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी. फॉस्फेट किंवा सल्फेट असलेल्या खतात मिसळलं तर दाट द्रावणात तळाला पांढरा साका बसतो आणि तो झाडाच्या कामाचा नसतो. भरपूर पानं आणि एकही कळी नाही, अशी तक्रार असेल तर आधी क्राऊन पाहा (हो, पुन्हा तेच), मग नत्राचा हात आवरा.

सुरुवातीच्या कळ्या खुडायच्या, निदान बारा-पंधरा भरदार पानं होईपर्यंत. जिवावर येतं. न खुडलेल्या दोन कुंड्या मागेच राहिल्या, त्यांची फुलं आजही बोटभर देठांची येतात.

फूल काढायची पद्धत हा दुसरा हट्ट, आणि तोही शेवटी क्राऊनपाशीच येतो. कात्रीने कापायचं नाही. दांडा तळाशी धरून बाजूला वाकवायचा आणि किंचित पिळून ओढायचा, टाचेसकट सुटतो. कापला तर उरलेलं खुंट क्राऊनमध्येच कुजतं आणि कूज आत शिरते. जुनी पानंही अशीच ओढून काढायची. फूल काढायची वेळ कधी, तर मधल्या चकतीच्या बाहेरच्या दोन ओळी उमलून पराग दिसल्यावर. त्याआधी काढलेलं फूल फुलदाणीत मान टाकतं. दांड्याच्या तळाचा टणक भाग तीन-चार सेंटिमीटर कापून टाकायचा, तो पाणी ओढत नाही. फुलदाणीत पाणी पाच-सात सेंटिमीटरच, कारण लवदार दांडा बुडाला तेवढा सडतो.

किडींत पांढरी माशी आणि नागअळी दिसतात म्हणून लोक त्यांच्यामागे धावतात. पिवळे चिकट सापळे आणि नागमोडी रेषांची पानं खुडणं एवढ्यावर भागतं. पाकळ्यांवर पांढुरके ओरखडे आले तर फुलकिडे. खरा त्रास डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळी किडीचा (माइट): कोवळी पानं आकसून कडक होतात आणि फुलाच्या एका बाजूच्या पाकळ्या आखूड राहतात. त्यावर पाण्यात विरघळणारं गंधक, लिटरला दोन ग्रॅम, भुरीवरही (पानांवर पांढरी पूड आणणारी बुरशी) तेच. मात्र पारा तिशीच्या वर असताना नाही आणि निंबोळी तेलाच्या फवारणीनंतर दोन आठवडे नाही, पानं भाजतात. कुठलीही फवारणी सकाळीच. संध्याकाळी फवारलं तर द्रव क्राऊनमध्ये साचून रात्रभर तसाच राहतो.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या कुजलेल्या रोपाचं. गोळा बाहेर काढून धुतल्यावर दिसलं की तीन फुटव्यांपैकी मधला पूर्ण गेलाय, कडेच्या दोघांना पांढरी मुळं आहेत. निरोगी भाग दिसेपर्यंत सुरीने कापलं, प्रत्येक कापानंतर सुरी पुसून. मोठी पानं निम्मी छाटली, कॉपर ऑक्सिक्लोराइडच्या द्रावणात (लिटरला अडीच ग्रॅम) दहा मिनिटं बुडवलं आणि नव्या मिश्रणात लावलं. कुजलेल्या गोळ्यावर पांढरे धागे आणि मोहरीसारखे दाणे असते तर हा खटाटोपही केला नसता. ती बुरशी मातीत वर्षानुवर्षं टिकते, तिथे कुंडीतलं सगळं टाकून कुंडी घासून घ्यावी लागते.

पॉलिहाऊसमध्ये एका रोपाची वर्षाला ३५ ते ४० फुलं धरतात. कुंडीत त्याच्या निम्मी आली तरी पुष्कळ. दोन-तीन वर्षांनी फुलं बारीक होतात, तेव्हा फुटवे वेगळे करून नवी रोपं करायची, विकत आणायची गरज नाही. बियांच्या भानगडीत पडू नका, आईचा रंग येत नाही.

त्या दोन फुटव्यांना आज तेवीस दिवस झाले. एकाला नवं पान फुटलंय, दुसरा जैसे थे. दोन्ही दोन सेंटिमीटर वर लावलेत आणि दोन्ही डुगडुगतायत.