‘प्रोग्रॅमेबल’ माउस घेताय? आधी लॅपटॉपचा ३ दाबून बघा

तुळशीचं लग्न लागलं की नाशिकच्या अल्बम लॅबमध्ये रात्रपाळी सुरू होते. नेमक्या त्याच दिवसांत फोटोग्राफरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘एडिटिंग कॉम्बो’ फिरायला लागतात: दिव्यांचा गेमिंग कीबोर्ड, अंगठ्याखाली बारा बटणांचा माउस आणि वर ‘फोटोशॉप-लाइटरूमसाठी प्रोग्रॅम करून मिळेल’ ही ओळ (दोन्ही फोटो एडिटिंगची सॉफ्टवेअरं). असे तीन सेट आमच्या लॅबने घेतले. सेटला ६,५०० प्रमाणे १९,५०० रुपये यूपीआयने गेले आणि हातात आली कच्ची चिठ्ठी. यात युक्ती काय होती ते सविस्तर लिहितो आहोत, कारण विक्रेत्याला दुकान नव्हतं, तो घरपोच डेमो देत फिरतो, आणि ग्रुपवरची जाहिरात अजून चालूच आहे.

गेमिंग माउसवर एडिटिंग करणं यात खूळ काही नाही. रिटचिंगमध्ये, म्हणजे फोटोतले डाग-दोष काढण्याच्या कामात, तासाला शेकडो वेळा लागणाऱ्या गोष्टी दहा-बाराच असतात: ब्रश लहान-मोठा करायचे चौकटी कंस, रंग उलटवायचा एक्स, लेयरची (फोटोच्या एका थराची) प्रत काढायचा कंट्रोल+जे, मास्क (थराचा कुठला भाग दिसावा ते ठरवणारा) उलटा करायचा कंट्रोल+आय, सगळे लेयर वर एकत्र आणायचा कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट+ई. हा शेवटचा चार बोटांचा प्रकार अंगठ्याच्या एका बटणावर आला तर मनगटाचा त्रास वाचतो. मात्र त्यासाठी बटणाचं काम खरोखर बदलता आलं पाहिजे.

डेमो विक्रेत्याच्या स्वतःच्या लॅपटॉपवर झाला. अंगठ्याचं पहिलं बटण दाबलं, ब्रश मोठा. दुसरं, लहान. पाचवं दाबलं की लेयरची प्रत. सगळं लोण्यासारखं चाललं. तोच माउस लॅबच्या पीसीला लावल्यावर बटणांनी एवढंच केलं: पहिल्याने १ टाइप केला, दुसऱ्याने २, नवव्याने ९, दहाव्याने ०, अकराव्याने वजाबाकीचं चिन्ह, बाराव्याने बरोबरचं. विंडोजच्या दृष्टीने ही वस्तू म्हणजे एक माउस आणि त्याला चिकटलेला बारा कीचा कीबोर्ड. आकडे कारखान्यातच पक्के झालेले, ते बदलणारं सॉफ्टवेअर मुळात नाहीच.

मग लॅपटॉपवर कसं चाललं? तिथे मागे ऑटोहॉटकीची स्क्रिप्ट चालू होती. ती आकडा पकडते आणि त्याच्या जागी शॉर्टकट पाठवते. ऑटोहॉटकी फुकट आणि चांगलं सॉफ्टवेअर आहे, दोष त्याचा नाही. पण आकडा माउसवरून आला की कीबोर्डवरून, हे त्याला आपलं आपण ओळखता येत नाही, आणि विक्रेत्याला उघडं पाडायची किल्ली तीच आहे. डेमो चालू असताना लॅपटॉपच्याच कीबोर्डवरचा ३ दाबा. तिसऱ्या बटणाचं काम तिथूनही झालं, तर प्रोग्रॅम माउसमध्ये नसून लॅपटॉपमध्ये आहे. खाली उजवीकडे घड्याळाजवळचा बाणही उघडून बघा. हिरव्या चौकोनात पांढरा एच दिसला तर ती स्क्रिप्टच. नुसत्या चिन्हावर मात्र विसंबू नका, ते लपवता येतं.

‘आकडे तर आकडे, काय बिघडतं?’ असं वाटेल. फोटोशॉपमध्ये ब्रश हातात असताना ३ दाबला की ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा दाटपणा, ३० टक्के होते, ० दाबला की १००, आणि ४ व ५ पटकन लागोपाठ दाबले की ४५. अंगठा बटणावर नुसता टेकला तरी हे होतं आणि वरच्या पट्टीतला आकडा बदललेला लक्षात येत नाही. मग क्लोन स्टॅम्पने (शेजारचा भाग उचलून डागावर लावणाऱ्या हत्याराने) गालावरचा डाग झाकायला जावं तर डाग जात नाही, त्यावर पातळ साय चढते. मास्क अर्धवट रंगतो आणि नवरीच्या शालूची कड प्रिंटमध्ये भुतासारखी दिसते. सरळ रेघेसाठी शिफ्ट धरलेला असताना बारावं बटण लागलं तर ब्रशचा ब्लेंडिंग मोडच (रंग खालच्या फोटोत मिसळायची पद्धत) पुढे सरकतो. लाइटरूममध्ये त्याहून वाईट: ग्रिडमध्ये दोनशे फोटो निवडलेले असताना चौथं बटण लागलं की दोनशेही फोटोंना चार स्टार. लगेच लक्षात आलं तर कंट्रोल+झेड आहे, नाहीतर निवड पुन्हा पहिल्यापासून.

तक्रार केल्यावर उत्तरं ठरलेली होती. आधी ‘पीसी स्लो असेल’, मग ‘भाषा मराठीवर राहिली असेल’. अल्बमवर मराठी नावं टाकणाऱ्यांकडे हे दुसरं कारण पटकन खपतं, म्हणून तपासणी नेहमी भाषा इंग्रजीवर ठेवूनच करा. तिसरं उत्तर धोक्याचं होतं: ड्राइव्हची लिंक, त्यात पासवर्ड असलेली झिप फाइल आणि ‘इन्स्टॉल करताना डिफेंडर (विंडोजचा अँटिव्हायरस) बंद ठेवा’ ही सूचना. झिपला पासवर्ड असला की अँटिव्हायरसला आत डोकावता येत नाही. अशी फाइल ग्राहकांच्या लग्नाचे फोटो असलेल्या मशीनवर उघडायची नाही, विषय संपला.

एक माउस खोलून पाहिला. वजनदार वाटावा म्हणून तळाशी लोखंडाचा एक तुकडा गोंदाने चिकटवलेला होता. कीबोर्डवर ‘मेकॅनिकल’ छापलं होतं. कीकॅप ओढून काढल्यावर खाली स्विच नव्हता, रबराची घुमटी होती. आणि त्याचं ‘प्रोग्रॅमिंग’ म्हणजे एफएन दाबून कुठल्या कीखाली दिवा लागावा ते ठरवणं. खोक्यावरचा ‘प्रोग्रॅमेबल’ शब्द दिव्यांपुरता खरा होता म्हणायचं!

बदली म्हणून विक्रेत्याने लॉजिटेक जी५०२ हिरो ‘ओपन बॉक्स’ देऊ केला, वर १,५०० द्या म्हणाला. हा मात्र आधी तपासला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, मग यादीतून हार्डवेअर आयडीज. लॉजिटेकच्या वस्तूला व्हीआयडीपुढे (कंपनीचा क्रमांक) ०४६डी असतं आणि या मॉडेलला पीआयडीपुढे (मॉडेलचा क्रमांक) सी०८बी. इथे भलताच क्रमांक होता. क्रमांक बरोबर असला तरी लगेच हुरळून जाऊ नका, तोही नकली टाकता येतो. कंपनीच्या साइटवरून जी हब हे तिचं सॉफ्टवेअर उतरवा. माउस नावासकट दिसला, ११ बटणांची कामं बदलता आली आणि ३.६ ग्रॅमची पाच वजनं सोबत असली, तर पुढे बोला.

खरा पण वापरून झिजलेला माउस नवा म्हणून विकणं हाही धंदा आहे. फोटोशॉपमध्ये लेयरच्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेवर वीस-पंचवीस वेळा एकेकच, सावकाश क्लिक करा. मध्येच लेयर स्टाइलची खिडकी उघडली तर डाव्या बटणाचा स्विच गेलेला आहे, कारण ती डबल क्लिकवरच उघडते.

आता माउसच्या ऑनबोर्ड मेमरीबद्दल, म्हणजे बटणांची कामं माउसमध्येच साठतात का याबद्दल. घरचा लॅपटॉप घेऊनच दुकानात जा, महात्मा गांधी रोडवरचं दुकान असलं तरी. एका मशीनवर कंपनीच्या सॉफ्टवेअरने बटणाला कंट्रोल+शिफ्ट+ऑल्ट+ई द्या, माउसच्या मेमरीत साठवा, वायर काढा, ज्यात ते सॉफ्टवेअर नाही अशा दुसऱ्या मशीनला लावा. तिथे चाललं तरच ऑनबोर्ड मेमरी खरी. मात्र फोटोशॉपमधून लाइटरूममध्ये गेल्यावर बटणांची कामं आपोआप बदलायला हवी असतील, तर सॉफ्टवेअर चालू ठेवावंच लागतं, कितीही महाग माउस घ्या. आणि लांबलचक मॅक्रो (एका बटणावर लागोपाठ दाबल्या जाणाऱ्या अनेक की) रेकॉर्ड करायच्या भानगडीत पडू नका. दोन कीमध्ये ३० ते ५० मिलिसेकंदांची फट नसेल तर मधली की गळू शकते, कंट्रोल सोडल्याची नोंद राहून गेली तर तो दाबलेलाच राहतो. त्यापेक्षा फोटोशॉपमध्ये अ‍ॅक्शन (साठवून ठेवलेली कामांची साखळी) करा, तिला शिफ्ट+एफ५ सारखी की द्या आणि माउसच्या बटणाला तेवढीच की पाठवायला सांगा.

पैशांचं सांगायचं तर आमची बाजू कच्च्या चिठ्ठीपाशीच लंगडी पडली. ‘पक्कं बिल हवं असेल तर अठरा टक्के वेगळे’ हे ऐकलं की तिथूनच परत फिरा. बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो, आणि जीएसटीच्या सरकारी साइटवर तो टाकला की नाव दिसतं. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीचा संपर्क छापलेला असायलाच हवा. आमच्या खोक्यांवर यातलं काहीच नव्हतं. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. पैसे घेऊन माल न देता कुणी गायब झाला तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. ग्राहक आयोगात जायला तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे आणि तक्रार आपल्या जिल्ह्यात करता येते. पण धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणून समोरचा हरकत घेऊ शकतो. स्वतः एडिटिंग करून त्यावर पोट भरणाऱ्याला २०१९ च्या कायद्यात त्यातून सूट आहे, नोकर ठेवून चालवलेल्या लॅबला ते सिद्ध करणं जड जातं. म्हणून बिल कुणाच्या नावावर घ्यायचं याचा विचार आधीच करा.

ज्यांच्या गळ्यात असा माउस आधीच पडला आहे त्यांच्यासाठी: फोटोशॉपमध्ये ब्रशच्या ओपॅसिटीचे आकडे शॉर्टकटच्या यादीतून बदलता येत नाहीत, त्यामुळे तिथे तो वापरू नका. लाइटरूममध्ये फोटो निवडायला मात्र तो जमतो. कॅप्स लॉक चालू ठेवा, म्हणजे खूण केली की पुढचा फोटो आपोआप येतो. १ ते ५ स्टार, ६ ते ९ रंग, दहावं बटण स्टार काढायला. अकराव्या आणि बाराव्या बटणावर चिकटपट्टी लावा.