लीकेज शोधणाऱ्या सर्व्हिसचा रिव्ह्यू: कॅमेरा काढायच्या आधी कॉक कोण बंद करतं ते बघा

फोडाफोडी न करता भिंतीतलं लीकेज शोधून देतो म्हणणाऱ्या सर्व्हिस हल्ली खूप झाल्यात आणि त्यातल्या दोन आमच्याकडे येऊन गेल्या, एक एकदम फालतू आणि एक चांगली. नावं लिहीत नाही, दोघांनी काम कसं केलं तेवढं लिहिते.

प्रॉब्लेम साधाच. बाथरूमला चिकटून असलेल्या बेडरूमच्या भिंतीला खालून ओल, रंगाचे पोपडे, आणि रंग मारला की काही दिवसांनी परत तेच. बाथरूममध्ये कुठेच काही गळताना दिसत नव्हतं. सगळे पाइप कन्सील्ड, म्हणजे भिंतीत बुजवलेले.

पहिली सर्व्हिस आली ती थेट थर्मल कॅमेरा हातात घेऊनच. भिंतीवर फिरवला, स्क्रीनवर निळा पट्टा दिसला, लगेच बोट ठेवून म्हणे "इथे फोडा". अरे पण तो कॅमेरा भिंतीच्या आत बघतच नाही ना! त्याला फक्त वरच्या पृष्ठभागाचं तापमान कळतं. ओल असली की पाणी वाळताना भिंत गार पडते म्हणून तिथे निळं दिसतं, म्हणजे ओल कुठे आहे ते कळलं, जे आम्हाला कॅमेऱ्याशिवायच दिसत होतं. पाणी कुठून येतंय हा प्रश्न तसाच राहिला. वर गुळगुळीत टाइल्सवर तर समोरच्या माणसाच्या अंगाची उष्णताच रिफ्लेक्ट होऊन दिसते, ती पण त्याने गरम पाण्याची लाइन म्हणून दाखवली. आम्ही काही फोडू दिलं नाही.

दुसऱ्या सर्व्हिसमधले जे आले त्यांनी बॅग उघडलीच नाही बराच वेळ, नुसते प्रश्न. घर बंद असताना ओल वाढली होती का कमी झाली होती? अंघोळी झाल्यावर वाढते का? वरच्या मजल्यावर तिथे काय आहे? मला वाटलं टाइमपास करतायत, पण नाही, ते हे ठरवत होते की पाणी प्रेशरच्या लाइनमधून, म्हणजे नळांना पाणी पुरवणाऱ्या पाइपमधून येतंय का ड्रेनेजमधून. कारण प्रेशरची लाइन फुटली तर नळ बंद असला तरी ती चोवीस तास गळते, ड्रेनेजची किंवा वॉटरप्रूफिंगची बोंब असेल तर पाणी वापरलं की मगच गळतं.

मग मीटर. घरातले सगळे नळ बंद करून मीटरमधलं ते छोटं चाक बघत बसायचं. आमचं चाक अगदी हळू पण फिरत होतं. (मीटर नसेल तर टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीवर खूण करायची आणि घरात कोणी पाणी न वापरता काही तासांनी बघायची, तेच काम.) फ्लश टँकमध्ये त्यांनी रंग टाकून ठेवला आणि अर्ध्या तासाने कमोडमध्ये बघितलं, रंग खाली उतरला नव्हता म्हणजे फ्लशचा वॉशर ठीक. हा रंगाचा प्रयोग कोणीही घरी करू शकतं, आणि मीटर फिरतंय पण ओल कुठेच नाही अशा वेळी पहिला संशय फ्लश टँकवरच घ्यावा म्हणे.

आणि मग त्यांनी गीझरच्या इनलेटचा अँगल कॉक बंद केला. चाक थांबलं! म्हणजे थंड पाण्याची लाइन संशयातून सुटली, भानगड गीझरमध्ये किंवा गरम पाण्याच्या लाइनमध्ये. गीझर बाहेरून सगळीकडे कोरडा होता. एवढं कळायला एकही मशीन लागलं नाही, आणि माझ्या मते या माणसांचे पैसे इथेच वसूल झाले.

खात्री करायला गीझरपासून लाइन सोडवली, गरम पाण्याच्या सगळ्या तोंडांना प्लग लावले आणि हातपंपाने पाणी दाबून दाब दाखवणारा गेज लावला. काटा उतरत होता, आणि एकदा नाही, परत भरलं तरी परत उतरला. दोनदा का तर लाइनमध्ये हवा अडकलेली असली तरी सुरुवातीला काटा थोडा खाली येतो, त्यावरून कोणी लीक आहे म्हणून टाइल फोडायला घेतली तर उगाच नुकसान.

आता लाइन कळली, जागा शोधायची होती. इथे हेडफोन आणि माइक निघाला. दाबाखालचं पाणी बारीक भोकातून बाहेर पडताना सूंऽऽ असा आवाज करतं, जीआय (लोखंडी) किंवा तांब्याच्या पाइपमधून तो लांबपर्यंत जातो, पण आमचा पाइप सीपीव्हीसी, प्लास्टिक, आवाज जागच्या जागी मरतो. मला पण ऐकायला दिलं, मला फक्त शेजारचा पंप ऐकू आला. त्यांनाही नीट काही लागलं नाही आणि त्यांनी ते सरळ सांगितलं, हे मला आवडलं, पहिल्याने याच आवाजावर दोन टाइल उडवल्या असत्या.

मग लाइनमधलं पाणी काढून गॅस भरला, 5 टक्के हायड्रोजन आणि 95 टक्के नायट्रोजन. हायड्रोजन ऐकून मी दचकलेच, पण एवढ्या प्रमाणात तो पेट घेत नाही. सगळ्यात हलका असल्यामुळे बारीक फटीतून सहज वर येतो आणि सेन्सर तो पकडतो. गॅसचं प्रेशर मात्र मुद्दाम कमी ठेवलं. प्लास्टिकच्या पाइपमध्ये जोरात हवा किंवा गॅस भरला आणि पाइप फुटला तर तुकडे उडतात, पाण्याचं तसं होत नाही कारण पाणी दाबून मावत नाही. त्यामुळे कोणी कॉम्प्रेसर घेऊन आला तुमची प्लास्टिकची लाइन चेक करायला तर दारातच थांबवा.

सेन्सर टाइल्सच्या मधल्या ग्राउटच्या (सांधे भरलेल्या) रेषांवरून हळूहळू फिरवला कारण गॅस टाइलमधून येत नाही, फटीतूनच येतो, म्हणजे तो जिथे सापडतो ती जागा पण तंतोतंत लीकची असेलच असं नाही. शॉवरच्या डायव्हर्टरच्या (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणाऱ्या कॉकच्या) बाजूला रीडिंग एकदम चढलं, दोन बाजूंनी परत फिरवून नक्की केलं. मग एकच टाइल कडेने कापून काढली. मागचा गिलावा काळपट आणि बोटाने कुस्करेल इतका भुसभुशीत, आणि परत पाणी सोडल्यावर पितळी थ्रेड जिथे प्लास्टिकच्या एल्बोत बसतो तिथे एक थेंब फुगत फुगत मोठा होतो, घसरतो आणि लगेच दुसरा. बस एवढंच! सेकंदाला एक थेंब धरला तरी दिवसाला 20 ते 30 लिटर होतात, आमचं त्याहून कमी असेल, पण ते पाणी पाइपच्या खाचेतून उतरून बेडरूमच्या स्कर्टिंगला निघत होतं. पहिल्याने जिथे फोडा म्हटलं होतं तिथून चांगलं दोन हात लांब आणि वर.

ड्रेनेजचं लीक असतं तर यातलं मीटर, गेज, माइक काहीच कामाला आलं नसतं. तेव्हा नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतली पाणी जायची जाळी, बंद करून फरशीवर 24 तास पाणी साठवून ठेवतात, किंवा यूव्ही टॉर्चखाली हिरवा चमकणारा रंग टाकून खाली कुठे उतरतोय ते बघतात. वेळखाऊ आहे, आणि घाई करणारा माणूस ते टाळतो.

आता तक्रारी. ठरलेल्या वेळेपेक्षा बरेच उशिरा आले, फोन पण नाही. रिपोर्ट म्हणजे नुसते फोटो, गेज किती वरून किती उतरला, किती वेळात, काही लिहिलेलं नाही, मागितल्यावर मेसेज केला. ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचे आकडे दिलेत पण भिंतीवर कुठे पिन टोचली ते नाही, मग पुढच्या वेळी तुलना कशाशी करायची? शिवाय भिंतीत क्षार जमले असतील तर तो मीटर कोरड्या भिंतीलाही ओली म्हणतो, हे विचारल्याशिवाय सांगितलं नाही. जॉइंट बदलल्यावर परत प्रेशर टेस्ट करा हे पण आम्हालाच म्हणावं लागलं. केली, काटा हलला नाही, पण ते त्यांनी आपणहून करायला हवं होतं. आणि काढलेली टाइल बसवणं त्यांच्या कामात येत नाही, हे आधी बोलून घ्या, नाहीतर मॅचिंग टाइल शोधत फिराल.

पाचपैकी चार स्टार, एक कापला तो रिपोर्टसाठी. पहिल्याला एक, तो पण देणं भाग आहे म्हणून. भिंत वाळायला आठवडे लागतील असं सांगून गेलेत, तोपर्यंत रंगवाल्याला थांबवलंय.