टॅपेट गप्प झाले आणि मी फसलो

आमच्या पिकअपचं डिझेल इंजिन थंड असताना वरच्या बाजूने टिकटिक करायचं. बाकी तक्रार काही नव्हती. ओढ उत्तम, धूर नाही, सेल्फ मारला की लगेच चालू. तरी तो आवाज डोक्यात बसला होता म्हणून गाडी गॅरेजला नेली. मिस्त्रींनी कान लावला आणि म्हणाले, "टॅपेट लूज झालेत साहेब. तासाभरात गप्प करून देतो." हवा आत घेणाऱ्या (इनलेट) आणि धूर बाहेर सोडणाऱ्या (एक्झॉस्ट) झडपा, म्हणजे व्हॉल्व्ह, वरून रॉकर नावाचे छोटे दांडे दाबून उघडतात. रॉकर आणि व्हॉल्व्हमध्ये ठरावीक गॅप लागतो. तो लावणं म्हणजे टॅपेट सेट करणं, आणि तो वाढला की टिकटिक.

गप्प करून देतो म्हणाले, सेट करून देतो नव्हे. हा फरक मला तेव्हा कुठला कळायला!

तासाभरात इंजिन खरंच गप्प झालं. इतकं, की मी बॉनेट उघडं ठेवून दोन मिनिटं नुसता ऐकत उभा राहिलो. बिलात आठही टॅपेटचं सेटिंग, टॅपेट कव्हरचं नवीन गॅस्केट आणि मजुरी असं लिहिलं होतं. आनंदाने पैसे दिले, वर ओळखीच्या दोघांना त्यांच्याकडे जायला सांगितलं. त्या दोघांची नंतर माफी मागून झाली आहे.

खरं तर तिथेच शंका यायला हवी होती. मी गाडी चालवत नेली होती, इंजिन तापलेलं होतं आणि त्याच अवस्थेत त्यांनी कव्हर उघडलं. माझ्या गाडीच्या पुस्तकात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींचा गॅप 0.40 मिलिमीटर दिलाय, आणि पुढे स्पष्ट लिहिलंय: थंड इंजिनावर. सगळ्या इंजिनांचा आकडा एक नसतो. कमिन्सच्या 5.9 लिटरच्या सहा सिलिंडरच्या इंजिनात इनलेटला 0.25 आणि एक्झॉस्टला 0.51 असतो. म्हणून "डिझेल आहे ना, मग इतकाच ठेवायचा" असं कुणी म्हणालं तर पुस्तक उघडून बघायचं. आणखी एक गोष्ट: बऱ्याच नव्या डिझेल इंजिनांत हायड्रॉलिक ॲडजस्टर असतात, तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरून निघतो, हाताने लावायला काही नसतंच. तसं इंजिन असेल आणि बिलात टॅपेट सेटिंग दिसलं, तर ते कशाचे पैसे आहेत हे विचारायला लाजू नका.

आता माझं काय झालं ते. काही आठवड्यांतच सकाळी सेल्फ लांबायला लागला. चालू झाल्यावर इंजिन थरथरायचं, पांढरा धूर सोडायचं, तापलं की जरा सावरायचं. माल भरून चढ आला की पाय पूर्ण दाबूनही ओढ नाही. पुन्हा त्याच गॅरेजला गेलो, कारण टॅपेटचं काम तर "झालेलं" होतं, बिघाड दुसरा काहीतरी असणार असं मीच ठरवून टाकलं होतं. गाडी दिवसभर ठेवून घेतली. संध्याकाळी मिस्त्रींनी ट्रेमधून एक व्हॉल्व्ह काढून माझ्या हातात ठेवला. कडेला कुरतडल्यासारखा, एका जागी पार जळून खाच पडलेला. "हा बघा तुमच्या गाडीचा. दोन सिलिंडरचं कॉम्प्रेशन गेलंय. हेड उतरवावं लागेल." सामानासाठी ॲडव्हान्स मागितला. मी दिला.

आणि मग त्याच गाडीत बसून, ती चालवत, घरी आलो.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचं जड झाकण, उतरवल्याशिवाय व्हॉल्व्ह बाहेर येत नाही. त्याचं डोकं आतल्या बाजूला, पिस्टनच्या समोर असतं. म्हणजे माझ्या गाडीचा जळका व्हॉल्व्ह माझ्या हातात असेल तर माझी गाडी चालू कशी होती? एवढा साधा प्रश्न मला रात्री जेवून अंथरुणावर पडल्यावर पडला. उठून टॉर्च घेऊन बघितलं तर कूलंटचे पाइप, त्यांचे क्लॅम्प, एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे गंजके नट, हेड काढायचं तर जे खोलावं लागतं त्या सगळ्यांवर जुनी धूळ जशीच्या तशी.

दुसऱ्या दिवशी इंजिन पूर्ण थंड असताना मीच टॅपेट कव्हर उघडलं. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवली, गाडी न्यूट्रलला आणि चाकांना अडसर लावून. कव्हर निघता निघेना. नवीन गॅस्केटच्या जागी जुनंच, कडक झालेलं, वरून सिलिकॉन थापून चिकटवलेलं. आत आठ ॲडजस्टिंग स्क्रू. पाच लॉकनटांवर तेलाचा तपकिरी थर अखंड, पाना कित्येक दिवसांत लागलेला नाही. तिघांचे कोपरे मात्र ताजे चमकत होते. बिलात आठ, हात लागला तिघांना. त्यात 2 आणि 3 नंबरच्या सिलिंडरचे एक्झॉस्ट. त्यांच्यात गॅप मोजायची 0.05 मिलिमीटरची पातळ पट्टीसुद्धा शिरेना, रॉकर हाताने हलवून तसूभर हलेना.

म्हणजे आवाज करणारे टॅपेट आवाज थांबेपर्यंत कसत नेले होते, बस्स. रॉकर आणि व्हॉल्व्हच्या दांड्यात मोकळी जागा उरली नाही की व्हॉल्व्ह सीटवर, म्हणजे मिटून बसायच्या कडेवर, नीट टेकत नाही. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तापून आणखी लांबतो, आणि त्याची बरीचशी उष्णता निघून जायची वाट म्हणजे सीटला टेकणं. टेकला नाही तर थंड होत नाही, फटीतून जळता वायू जातो आणि कड जळते. डिझेलमध्ये स्पार्क नाही, दाबाने तापलेल्या हवेवरच सगळं पेटतं. हा दाब, म्हणजेच कॉम्प्रेशन, गळला की थंडीत चालू होणार कसं? थोडा लूज टॅपेट टिकटिक करून सांगतो तरी. टाइट टॅपेट काही बोलत नाही, आणि मला तर न बोलण्याचेच पैसे लावले होते.

मी जन्मात टॅपेट लावले नव्हते. पुस्तक मांडीवर घेऊन बसलो. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बोल्टला पाना लावून, इंजिन फिरतं त्याच दिशेने, पुलीवरची खूण जुळवली. खूण जुळली की 1 नंबरचा पिस्टन वर असतो, पण कॉम्प्रेशनला की एक्झॉस्टच्या शेवटी, ते खूण सांगत नाही. इथेच नवशिके चुकतात. 4 नंबरचे दोन्ही रॉकर बघायचे: खुणेच्या आसपास क्रँक किंचित मागेपुढे केल्यावर एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय असं दिसलं तर 1 नंबर कॉम्प्रेशनला आहे. माझ्या इंजिनाची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-3-4-2. त्या जागी 1 चे दोन्ही, 2 चा इनलेट आणि 3 चा एक्झॉस्ट लावता येतो. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवला की उरलेले चार.

पट्टी किंचित अडत सरकली पाहिजे. स्क्रू धरून लॉकनट कसला की गॅप बदलतो, म्हणून कसल्यावर पुन्हा मोजायचं. माझे पहिले तीन असेच बिघडले. 0.40 जाते आणि 0.45 जात नाही, इतपत आलं की पुढे. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर सपाट पट्टी त्यावर पूल बांधते आणि गॅप आहे त्यापेक्षा कमी दाखवते, तेही बघून घ्यायचं. तीन तासांचं काम मला अख्खा दिवस पुरलं.

मग वेगळ्या ठिकाणी, माझ्या समोर, डिझेलच्या गेजवर कॉम्प्रेशन मोजून घेतलं आणि चारही आकडे कागदावर लिहून घेतले. पेट्रोलचा गेज इथे चालत नाही, डिझेलचा दाब त्याच्या काट्याला झेपत नाही. तीन सिलिंडर जवळपास सारखे निघाले, 3 नंबर थोडा कमी. हेड उतरवायची गरज नाही, लक्ष ठेवा, असं त्यांनी सांगितलं.

तो कागद घेऊन पहिल्या गॅरेजला गेलो. "दादा, तुम्ही मोजलेले आकडे दाखवा." आकडे नव्हते. "तो व्हॉल्व्ह कुठल्या गाडीचा?" यावर मिस्त्री आधी हसले, मग चिडले, मग म्हणाले की पोराने ट्रे अदलाबदल केले. ॲडव्हान्स मात्र गल्ल्यातून काढून मोजून दिला. पहिल्या बिलाचे पैसे मागितले तर म्हणाले, "आवाज बंद झाला होता की नाही?"

ते पैसे आले नाहीत. गॅस्केट मी नवीन आणून बसवलं. सकाळी हलकी टिकटिक आहे, पांढरा धूर गेलाय, आणि 3 नंबर पुढच्या ऑइल बदलाच्या वेळी पुन्हा मोजायचा आहे.