धर्म बदलून लग्न की स्पेशल मॅरेज अॅक्ट? आम्ही काय केलं

मी हिंदू, बायको मुसलमान, दोघं कोल्हापूरचेच. लग्नाचा विषय निघाल्यावर दोन्ही घरांनी तोच उपाय सांगितला, समोरच्यानं धर्म बदलायचा. तिचे वडील म्हणले कलमा पढ, निकाह लावून देतो. आमचे मामा म्हणले तिचं नाव बदला, विधी करा, हिंदू मॅरेज अॅक्टनं आठ दिवसांत मोकळं. तिसरा रस्ता 1954 च्या स्पेशल मॅरेज अॅक्टचा, दोघांनी आपापला धर्म ठेवून.

धर्म बदलून केलेलं लग्न आमच्या वेळी तरी लवकर उरकणारं होतं. आता राज्याराज्यांत नियम वेगळे झालेत, उत्तर प्रदेशात 2021 च्या कायद्यानं 60 दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, त्यामुळं वकिलाला विचारूनच ठरवा. स्पेशलमध्ये लग्नाची नोटीस दिली की ती 30 दिवस विवाह अधिकाऱ्याच्या ऑफिसात बोर्डावर लावलेली असते, नाव पत्त्यासकट. आमची लागली आणि पाचव्या दिवशी आत्याचा रडत फोन आला. ते दिवस वाईट गेले, खोटं कशाला सांगू.

तरीपण आमचं ठरलं ते त्याच्या आधीच, एका टायपिंगवाल्याच्या टेबलावर. मामांच्या शब्दाखातर आम्ही धर्मांतराचं अॅफिडेव्हिट करायला गेलेलो. त्याच्याकडं मजकूर तयारच होता, फक्त नाव टाकायचं. त्यानं वाचून दाखवलं, मला या धर्माची शिकवण मनापासून पटली आहे, माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. मामा शेजारच्या खुर्चीत बसलेले. तिनं पेन हातात घेतलं आणि मला हळूच विचारलं, "यातलं खरं काय आहे?" मला काही बोलताच आलं नाही. पंचवीस वर्षं रोजे धरलेली पोरगी, तिला शपथेवर हे लिहायला लावायचं आणि तेपण माझ्यासाठी. आम्ही कागद तिथंच ठेवून उठलो.

इस्टेटीचंपण बघून घ्या. स्पेशलनं हिंदू माणसानं दुसऱ्या धर्मात लग्न केलं की तो एकत्र कुटुंबातनं विभक्त झाला असं धरतात, पण हिस्सा जात नाही. पुढचा वारसा 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानं चालतो. मी कलमा पढलो असतो तर त्यानंतर झालेली पोरं, ती हिंदू नसतील तर, माझ्या हिंदू नातेवाइकांच्या वारसातनं बाहेर गेली असती, हिंदू वारसा कायद्याचं कलम 26. घरी शेती असेल तर हे कळीचं आहे.

ज्याला खरंच दुसरा धर्म पटलाय त्यानं तो जरूर घ्यावा, घटनेच्या 25 व्या कलमात सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य त्यासाठीच आहे आणि तिथं माझं म्हणणं लागू नाही. पण नुसतं लग्नासाठी असेल तर मला वाटतं महिनाभर बोर्ड सोसलेला परवडतो. अशा लग्नांना मान्यता देणारा कायदा आपल्या शाहू महाराजांनी 1919 सालीच संस्थानात केलेला, हे मी मामांनापण सांगितलं. ते गप्प बसले, पण तिसरा साक्षीदार म्हणून सही करायला आले.

एक करा, नोटीस द्यायच्या आदल्या दिवशी घरी स्वतःच्या तोंडानं सांगा. आत्याला आमचं लग्न बाहेरनं कळलं, ते तिला अजून लागलेलं आहे.