स्वतःची जेआरएफ की प्रकल्पातली जागा? इकॉलॉजीत पीएचडी करणाऱ्यांसाठी

एमएस्सी हातात आहे, दुसऱ्यांच्या प्रकल्पांत फील्डवर राबूनही झालंय आणि आता पीएचडी करायची ती विद्यावेतनासहच, एवढं ठरलंय. भारतात इकॉलॉजी किंवा पर्यावरणशास्त्रात अशा माणसासमोर मुख्यतः दोन वाटा येतात. एक, नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) देऊन स्वतःच्या नावावर जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप, म्हणजे संशोधनासाठीचं विद्यावेतन) मिळवायची आणि ती घेऊन गाइड शोधायचा. दुसरी, कुणाच्या तरी मंजूर प्रकल्पात जेआरएफ (इथे कनिष्ठ संशोधक या अर्थी) म्हणून रुजू व्हायचं आणि तिथेच नोंदणी करायची. (आयआयएससी, आयसर, एनसीबीएस अशा ठिकाणी संस्थाच विद्यावेतन देते. तिथे प्रवेश मिळत असेल तर हे वाचत बसू नका, जा.)

पैशांवरून निवड करायला गेलात तर फारसं काही हाती लागणार नाही. १ जानेवारी २०२३ पासून दोन्हीकडे आकडा एकच आहे: पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलो) म्हणून ४२,०००, वर घरभाडे भत्ता. गोम जाहिरातीच्या शब्दांत असते. ‘जेआरएफ’ लिहिलं असेल तर नेट किंवा गेट (अभियांत्रिकी-विज्ञानाची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा) लागतं. ‘प्रोजेक्ट असोसिएट’ लिहिलं असेल तर ते पद वेगळं, दरही वेगळा असू शकतो, आणि तिथे काढलेली वर्षं पुढे एसआरएफसाठी धरली जातीलच असं नाही. घरभाडे भत्त्याचंही तसंच. नियमात तो असतो, पण प्रकल्पाच्या मंजुरीपत्रात त्याची तरतूद नसेल तर अकाउंट्सवाले देणार कुठून? मुलाखतीत हा प्रश्न विचारायला बरेच जण लाजतात. लाजू नये.

परीक्षेबद्दल एकच गोष्ट सांगतो, कारण ती अनेकांच्या लक्षात येत नाही. ‘पर्यावरणशास्त्र’ हा विषय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यूजीसी-नेटमध्ये आहे, तर इकॉलॉजी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेसोबतच्या सीएसआयआर-यूजीसी नेटच्या लाइफ सायन्सेसमध्ये येते. दोन्ही परीक्षा निराळ्या, आणि पात्र असाल तर दोन्हींना बसता येतं. लाइफ सायन्सेसच्या नावाने फील्डवाले उगीच घाबरतात. १३ घटकांपैकी परिसंस्थेची तत्त्वं आणि उत्क्रांती-वर्तन हे दोन घटक तुमच्या घरचे. उपयोजित जीवशास्त्र आणि संशोधन पद्धतींतही बरंच ओळखीचं निघतं. भाग ‘सी’मध्ये ७५ प्रश्नांपैकी २५ च सोडवायचे असतात, प्रत्येकी ४ गुण. म्हणजे निवडीला जागा आहे. मात्र चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एकचतुर्थांश गुणांची कात्री लागते, त्यामुळे रेणवीय जीवशास्त्राच्या प्रश्नांवर अंदाजपंचे बाण सोडू नयेत. यूजीसी-नेटच्या पर्यावरणशास्त्रात ही कात्री नाही. गेटचा ‘इकॉलॉजी अँड इव्होल्यूशन’ हा पेपर प्रकल्पातल्या जागेसाठी चालतो, पण नेटच्या जेआरएफसारखं कुठेही सोबत नेता येईल असं विद्यावेतन तो देत नाही.

आता प्रकल्पाची बाजू, आणि ती खरोखर भक्कम आहे. स्वतःच्या जेआरएफसोबत जी कंटिन्जन्सी (किरकोळ संशोधनखर्चाची रक्कम) मिळते ती सीएसआयआरकडे वर्षाला २०,००० रुपये, यूजीसीकडे विज्ञान शाखेला पहिली दोन वर्षं १२,००० आणि नंतर २५,०००. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसून काम करणाऱ्याचं यात कसंबसं भागतं. फील्डवाल्याचं नाही. एवढ्या रकमेत भाड्याची जीप महिनाभरही मिळणार नाही. शिवाय फील्ड असिस्टंटची रोजंदारी, तळावरच्या मुक्कामाचं भाडं, कॅमेरा ट्रॅप, आपोआप नोंदी घेणारे डेटा लॉगर, एसडी कार्डं आणि दर फेरीला लागणाऱ्या बॅटऱ्या हे सगळं उरतंच. प्रकल्पात प्रवास, उपभोग्य वस्तू, उपकरणं, मनुष्यबळ असे स्वतंत्र हेड (खर्चाची ठरलेली खाती) असतात आणि हा खर्च त्यांतून रीतसर जातो.

दुसरा फायदा परमिटचा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २८ खाली अभयारण्यात अभ्यासासाठी जायची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतात. प्राणी पकडायचा, मोजमाप घ्यायचं, टॅग लावायचा असेल तर कलम १२ लागू होतं, आणि प्राणी अनुसूची १ (सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांची यादी) मधला असेल तर केंद्र सरकारची पूर्वपरवानगीही लागते. चालू प्रकल्पात यातलं बरंचसं आधीच झालेलं असतं, तुमचं नाव फक्त पथकाच्या यादीत घालायचं. नव्याने अर्ज करणाऱ्याला, माझ्या अंदाजाने, सहा महिने हाताशी ठेवूनच आखणी करावी लागते. इथे एक गोष्ट तपासाच: परवानगी नेमकी कशाची आहे? कॅमेरा ट्रॅपच्या परवानगीवर बेडूक पकडता येत नाहीत आणि एका वनविभागाची परवानगी शेजारच्या विभागात चालत नाही. परमिटची प्रत मागून घ्या. त्यातली पद्धत, प्रजाती, क्षेत्र आणि मुदत वाचा, मग विषयाचं बोला.

एवढं असूनही माझा कल स्वतःच्या जेआरएफकडे जातो, आणि त्याचं कारण कॅलेंडर.

प्रकल्पाचा निधी वर्षाच्या हप्त्यांनी येतो. ३१ मार्चला आर्थिक वर्ष संपलं की खर्चाचं विवरण आणि युटिलायझेशन सर्टिफिकेट (निधी ठरल्याप्रमाणे खर्चल्याचा दाखला) द्यायचं. ते संस्थेच्या अकाउंट्समधून सह्या होऊन वर जातं, तपासलं जातं, मग पुढचा हप्ता सुटतो. कागदावर हे सुरळीत दिसतं. प्रत्यक्षात एप्रिल ते जुलै हा काळ कोरडा जाण्याची शक्यता मोठी असते. आता पश्चिम घाटात काम करणाऱ्याचं वर्ष आठवा. एप्रिल-मे म्हणजे प्लॉट आखायचे, खुणा नव्या करायच्या, लॉगर बसवायचे, कोरड्या ओढ्यांच्या जागा नोंदवायच्या, गावातल्या असिस्टंटशी हंगामाचा करार करायचा. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस पडला की बेडकांचं प्रजनन सुरू होतं, आणि काही जातींचा तर सगळा खेळ पहिल्या चार-सहा रात्रींत आटोपतो. त्या रात्री हातच्या गेल्या तर नमुना थेट पुढच्या जूनमध्ये. सगळ्यात जास्त रोकड लागते ते आठवडे आणि सगळ्यात कमी रोकड असते ते आठवडे इथे हटकून एकावर एक येतात. निधी देणाऱ्याला दोष द्यावा असंही नाही. ही वेळापत्रकं पावसाकडे बघून बनलेलीच नाहीत.

खर्चाची चणचण दोन्ही वाटांवर येते, मान्य. पण प्रकल्पातल्या जेआरएफचं विद्यावेतनही त्याच हप्त्यातून निघतं. फील्डचा खर्च थांबला त्याच दिवशी खोलीचं भाडंही अडतं. स्वतःची जेआरएफ असेल तर विद्यावेतन उशिरा येईल, कधी चार महिन्यांचं एकदम येईल, पण ते तुमच्या नावावर देणं असतं आणि थकबाकीसह मिळतं. प्रकल्प संपला किंवा मनुष्यबळाचा हेड रिकामा झाला तर थकबाकी वगैरे काही नसते, कारण देणं लागणारं कुणी उरलेलंच नसतं.

तीन वर्षांच्या प्रकल्पाचं साधं गणित मांडून बघा. मंजुरी नोव्हेंबरमध्ये आली. जाहिरात, मुलाखत, रुजू होणं यात फेब्रुवारी उजाडला. पहिल्या पावसाळ्यात पीएचडीचं कोर्सवर्क आडवं येतं. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार ते किमान १२ क्रेडिट्सचं आहे आणि बहुतेक विद्यापीठांत ते नेमकं जुलै-ऑगस्टमध्ये सुरू होतं, हजेरीसकट. दुसरा पावसाळा पूर्ण मिळतो. तिसरा मिळतो खरा, पण तो संपताना प्रकल्पही संपतो आणि विश्लेषण व लेखन बिनपगारी करावं लागतं. मुदतवाढ मागता येते, पण ती साधारणपणे रक्कम न वाढवता मिळते. म्हणजे तीनपैकी जेमतेम दोन हंगाम. स्वतःची जेआरएफ-एसआरएफ मिळून पाच वर्षं चालते. कोर्सवर्कचं वर्ष वजा करूनही तीन पावसाळे मिळतात आणि लिहायला पगारी वर्ष उरतं. ज्याचा अभ्यास ऋतूंवर अवलंबून नाही, उदाहरणार्थ उपग्रहचित्रांवरून भू-वापरातले बदल किंवा आधीच जमलेल्या नोंदींचं विश्लेषण, त्याने हा मुद्दा बाजूला ठेवला तरी चालेल. त्याच्यासाठी कदाचित प्रकल्पच सोयीचा.

स्वतःच्या जेआरएफलाही कटकटी आहेत, त्या लपवत नाही. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये दर महिन्याला विद्यापीठातल्या ‘मेकर’ने पोर्टलवर तुमची खातरजमा टाकायची आणि ‘चेकर’ने ती मंजूर करायची. तुम्ही जंगलात, गाइड परिषदेला, विभागप्रमुख रजेवर असं झालं की त्या महिन्याचं अडलं. फील्डवर निघायच्या आधीच विचारून घ्या की सहीची स्कॅन प्रत ईमेलने चालते का, आणि महिन्याच्या कोणत्या तारखेच्या आत ती पोचली पाहिजे. मेकरचं काम करणारा कर्मचारी बदलला की एकदा समक्ष भेटून या. पहिला हप्ता यायला चार-सहा महिने लागतील असं धरून हाताशी रक्कम ठेवा. दोन वर्षांनी एसआरएफसाठी समिती बसते, तीत बाहेरचा तज्ज्ञ असतो. त्याची तारीख आपण मागे लागल्याशिवाय ठरत नाही आणि ती लांबली की वाढीव दरही लांबतो. समितीसाठी दोन महिने आधी अर्ज टाकावा.

विषयाच्या स्वातंत्र्याबद्दल लोक फार बोलतात. मला तो मुद्दा जरा फुगवलेला वाटतो. स्वतःची फेलोशिप असली तरी गाइडच्या कामाबाहेर फार दूर जाता येत नाही. खरा फरक पडतो तो गाइडशी बिनसलं तर. फेलोशिप नियमांनुसार दुसऱ्या गाइडकडे, दुसऱ्या संस्थेत हलवता येते. प्रकल्पाची जागा प्रकल्पाबरोबर तिथेच राहते.

नोंदणीचं मात्र दोन्ही बाजूंनी तपासा. २०२२ च्याच नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएचडी विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. प्रकल्प मोठा, गाइड नावाजलेले, पण जागा भरलेल्या अशा ठिकाणी रुजू झालेला जेआरएफ दीड-दोन वर्षं नोंदणीविना काम करत राहतो. ‘बघू, जागा होईल’ हे उत्तर पुरेसं नाही. कोणता विद्यार्थी कधी प्रबंध सादर करणार आहे, हे थेट विचारा.

तेव्हा जमत असेल तर माझं मत असं: जेआरएफ स्वतःची घ्यावी आणि ज्या गाइडकडे फील्डचा खर्च उचलणारा प्रकल्प चालू आहे त्याच्याकडे बसावं. विद्यावेतन तुमचं, जीप प्रकल्पाची. गाइडलाही हे आवडतं, कारण त्यांच्या मनुष्यबळाच्या हेडमधून आणखी एक माणूस ठेवता येतो. बोलणी करताना मात्र तुमच्या कामाचा प्रवासखर्च कोणत्या हेडमधून जाईल आणि प्रकल्प संपल्यावर कॅमेरे व लॉगर तुमच्याकडे वापरायला राहतील का, हे ईमेलवर नोंदवून ठेवा. उपकरणं संस्थेच्या मालकीची असतात. पुढचा विद्यार्थी आला की ती त्याच्याकडे जाऊ शकतात.

नेट अजून निघालेली नसेल आणि प्रकल्पाची जागा समोर असेल तर ती सोडा असं म्हणणार नाही. गेटवर रुजू व्हा, पण जूनच्या फेरीची परीक्षा पावसाळ्याच्या धामधुमीत येते हे लक्षात घेऊन डिसेंबरच्या फेरीवर जोर द्या. पुढे जेआरएफ मिळाली तर त्याच गाइडकडे राहूनही फेलोशिपवर जाता येतं. त्यासाठी प्रकल्पाच्या जागेचा रीतसर राजीनामा, तो मंजूर झाल्याचं पत्र, शेवटच्या दिवसापर्यंतचं विद्यावेतन मिळाल्याचा दाखला आणि मग फेलोशिपचा रुजू अहवाल, हा क्रम पाळा. दोन्हीकडचं विद्यावेतन एका दिवसासाठीही एकत्र दिसता कामा नये, नाहीतर वसुली निघते आणि ती मिटेपर्यंत पुढची देयकं अडकतात. राजीनामा महिनाअखेरीचा आणि रुजू अहवाल पुढच्या एक तारखेचा ठेवला की हिशेब सोपा जातो. फक्त तो महिना एप्रिल-मे नसेल एवढं पाहा.