उसाच्या ट्रॉलीला प्रिझमची रेडियम पट्टी : एका हंगामाचा अनुभव

गेल्या गाळप हंगामापूर्वी आमच्या दोन्ही ट्रॉल्यांना लातूरच्या एका दुकानातून प्रिझम पद्धतीची, म्हणजे अंगावर पडलेला दिव्याचा उजेड परत फेकणारी, रेडियम पट्टी लावून घेतली. पट्टी चांगली आहे, आणि ज्याची ट्रॉली अंधार पडल्यावर डांबरी रस्त्यावर येते त्याने ती लावावीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

साध्या स्टिकरपेक्षा ती महाग पडते, पण फरक पहिल्याच रात्री कळतो. पट्टी दोन इंच रुंद असून मागे लाल, दोन्ही बाजूंना पिवळी आणि पुढे पांढरी, अशी नियमाप्रमाणे रंगांची विभागणी दुकानदाराने न सांगता केली. घेताना पट्टीवरची ‘एआयएस ०९०’ ही अशा पट्ट्यांसाठीच्या भारतीय वाहन-मानकाची छाप पाहून घ्यावी, कारण दिवसा हलकी पट्टीही तितकीच चकचकीत दिसते. कारागिराने गंज घासून, थिनरने पुसून, पत्रा कोरडा झाल्यावरच पट्टी दाबून बसवली. धूळ, चिखल आणि फाळक्यांची, म्हणजे ट्रॉलीच्या उघडणाऱ्या कडांची, आदळआपट सोसूनही ती केवळ एका बिजागरीपाशी सुटली आहे.

अडचण येते ती ट्रॉली भरल्यावर. मोळ्या मागे बाहेर आल्या की फाळक्यावरची पट्टी त्यांच्याआड जाते, म्हणजे ट्रॉली सर्वांत जड आणि सर्वांत संथ असते नेमकी तेव्हाच ती दिसेनाशी होते. म्हणून आम्ही चेसिसच्या मागच्या आडव्या अँगलवर दुसरी पट्टी लावून घेतली, आणि एका फळीवर लाल पट्टी चिकटवून ती फळी शेवटच्या मोळ्यांवर दोराने बांधतो. बाजूच्या पिवळ्या पट्टीत तर मुळीच काटकसर करू नये. पाणंदीतून रस्त्यावर येणारा मोटारसायकलवाला ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली गेली की रस्ता मोकळा झाला असे समजतो. मागून दुसरी ट्रॉली येते आहे हे त्याला त्या पट्टीमुळेच कळते.

तरीही पट्टीला स्वतःचा उजेड नसतो. मागच्या वाहनाचा दिवा मंद असेल, किंवा ट्रॉली रस्त्यात तिरपी उभी असेल, तर ती फारशी चमकत नाही. शिवाय समोर काहीतरी आहे एवढेच ती सांगते. ते किती हळू चालले आहे हे सांगत नाही. ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी आणि ताशी १५ किलोमीटरने चाललेला ट्रॅक्टर यांच्यातले १०० मीटर अंतर जेमतेम साडेपाच सेकंदांत संपते. म्हणून लातूर–अंबाजोगाई किंवा कळंबच्या रस्त्यावर लाल रेघ दिसताच गाडी चालवणाऱ्याने आधी वेग कमी करावा, ओव्हरटेकचा विचार नंतर. टेप मोठ्याने लावलेला असला तर ट्रॅक्टरवाल्याला हॉर्न ऐकू जात नाही, हेही धरून चालावे. उजवीकडे शेतात वळताना लांब ट्रॉली नीट वळावी म्हणून तो आधी ट्रॅक्टर डावीकडे दाबतो, आणि त्याने आपल्याला वाट दिली असे समजून मागचा नेमका उजवीकडून पुढे घुसतो. हा घोटाळा कोणतीही पट्टी टाळू शकत नाही; तिथे ट्रॅक्टरवाल्याने वेळेवर हात किंवा इंडिकेटर दाखवणे आणि मागच्याने थांबणे हेच उपाय आहेत.

दुकानाविषयी तक्रार एकच आहे. तिथे ट्रॉलीच्या मागच्या लाल दिव्याची वायरिंग करून मिळत नाही, त्यासाठी वेगळा इलेक्ट्रिशियन गाठावा लागतो, आणि पट्टी लावली म्हणजे दिव्याची गरज उरली नाही असा अनेकांचा समज तिथूनच पक्का होतो. रस्त्यात बंद पडलेल्या ट्रॉलीमागे ठेवायचा चमकता त्रिकोणही त्यांनी पट्टीसोबतच द्यावा. आज त्याऐवजी दगड रचले जातात आणि चाक बदलून झाल्यावर ते तसेच रस्त्यावर सोडले जातात, हे गंभीर आहे. पट्टीची निगा मात्र सोपी आहे: कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबर येईपर्यंत ओल्या फडक्याने ती पुसून घेता येते.