प्रीमियम इकॉनॉमीचे पैसे भरले, बसलो इकॉनॉमीत: परदेशी तिकीट काढणाऱ्या ज्येष्ठांसाठी

माझ्या यजमानांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन नऊ महिने झाले होते. मुलगी कॅलिफोर्नियात असते, तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलेलं. जायचं तर होतंच. डॉक्टर म्हणाले, जा, पण पाय फार वेळ दुमडून बसू नका, दर तासा-दीड तासाने उठून चाला. बिझनेस क्लास आम्हाला परवडणारा नव्हता. म्हणून आयुष्यात पहिल्यांदा प्रीमियम इकॉनॉमीचं तिकीट काढायचं ठरवलं.

आम्ही नाशिकला राहतो. एजंट ओळखीतला होता, कॉलनीतल्या चार घरांची तिकिटं त्यानेच काढलेली. मुंबईहून युरोपात एका ठिकाणी विमान बदलायचं आणि तिथून सॅन फ्रान्सिस्को. साध्या इकॉनॉमीचे माणशी १ लाख ३० हजार, प्रीमियमचे २ लाख ५ हजार. मी त्याला समोर बसून विचारलं, "पूर्ण प्रवास प्रीमियमचाच ना? यांच्या पायासाठी घेतोय आम्ही." तो म्हणाला, "काकू, निर्धास्त राहा. काकांना पाय पसरून झोपता येईल." दोघांचे ४ लाख १० हजार भरले. त्याने बिल दिलं आणि व्हॉट्सॲपवर एक पीडीएफ पाठवली. त्यावर मोठ्या अक्षरांत आमची नावं, तारखा आणि 'प्रीमियम इकॉनॉमी'. तेच तिकीट, असं मी समजले.

पहिला टप्पा साडेआठ-नऊ तासांचा होता आणि तो खरोखर प्रीमियममध्ये झाला. तो अनुभव नीट सांगते, कारण खरी वस्तू कशी असते हे माहीत असल्याशिवाय नकली ओळखता येत नाही.

ही केबिनच वेगळी असते, बिझनेस आणि इकॉनॉमीच्या मध्ये, पडदा किंवा भिंत असलेली. आमच्या विमानात इकॉनॉमीत एका ओळीत तीन-तीन-तीन सीट होत्या, तर इथे दोन-तीन-दोन. त्यामुळे आम्ही दोघं खिडकीकडच्या जोडीत, तिसरं माणूस नाही. उठायचं झालं तर कुणाला उठवावं लागत नाही, हे आजारी माणसासाठी फार मोठं सुख आहे. एका सीटपासून पुढच्या सीटपर्यंतचं अंतर, ज्याला सीट पिच म्हणतात, ते इकॉनॉमीत साधारण ३१ इंच असतं आणि प्रीमियममध्ये ३८च्या आसपास. सात इंच म्हणजे वीतभराला थोडं कमी. ऐकताना काहीच वाटत नाही, पण पुढच्या माणसाने सीट मागे टाकली तरी यांचा गुडघा कुठे लागला नाही. सीटची रुंदीही इंच-दोन इंच जास्त, पाठ अधिक मागे जाते, पोटऱ्यांना किंवा पावलांना आधार असतो. जेवण काचेच्या-चिनीमातीच्या भांड्यांत येतं, विमानात आधी चढू देतात, समोरचा सिनेमा बघायचा पडदा मोठा असतो. हे पुढचं सगळं नसतं तरी मला चाललं असतं. मी पैसे मोजले होते ते जागेसाठी आणि पायाच्या आधारासाठी. आणखी एक, सीट बिझनेससारखी सपाट पलंग होत नाही आणि बहुतेक कंपन्या या तिकिटावर विमानतळावरच्या लाउंजमध्ये सोडत नाहीत. कुणी एजंट "पूर्ण झोपता येतं" म्हणाला, तर तिथेच थांबा. आमच्या एजंटच्या तोंडचं ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं.

दुसरा टप्पा अकरा तासांचा. चढताना आमच्या पासावर ३१ व्या ओळीतल्या मधल्या रांगेतल्या सीट होत्या. आत गेलो तर समोर भिंत, बाजूला इकॉनॉमीच्याच सीट. मला वाटलं, चूक झाली. हवाईसुंदरीला पीडीएफ दाखवली. तिने तिच्याकडच्या यंत्रात बघितलं आणि अगदी शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमचं तिकीट या टप्प्याला इकॉनॉमीचंच आहे. तुमच्यासाठी जास्त लेगरूमची सीट पैसे भरून घेतलेली आहे." प्रीमियम केबिन भरलेली होती, तिला काही करता येत नव्हतं.

जास्त लेगरूमची सीट म्हणजे इकॉनॉमीचीच सीट, फक्त पुढे थोडी मोकळी जागा. रुंदी तीच, पाठ तेवढीच मागे जाते, पायाला आधार नाही. भिंतीजवळच्या सीटला जेवणाचा ट्रे हाताच्या दांड्यात असतो, त्यामुळे तो दांडा वर होत नाही. पायाखाली बॅग ठेवून तिचा आधार घ्यावा, तर तिथे बॅग ठेवू देत नाहीत. कंपन्या या सीटना 'प्लस', 'कम्फर्ट', 'एक्स्ट्रा' अशी नावं देतात आणि ती विकण्यात काही गैर नाही. गैर आहे ते तिला प्रीमियम इकॉनॉमी म्हणून विकणं. यांनी अकरा तासांतले जवळजवळ चार तास मागच्या स्वयंपाकघराजवळ उभं राहून काढले. उतरताना गुडघा सुजला होता आणि व्हीलचेअर मागवावी लागली. तो चेहरा मला अजून आठवतो आणि अजून राग येतो.

मुलीने घरी गेल्यावर विमान कंपनीच्या साइटवर आमचा सहा अक्षरांचा पीएनआर टाकून मूळ ई-तिकीट काढलं. त्यात प्रत्येक टप्प्यापुढे वर्ग लिहिलेला होता. मुंबईच्या टप्प्यांना प्रीमियम, अमेरिकेच्या टप्प्यांना इकॉनॉमी, जाताना आणि येताना दोन्ही वेळा. भाडं माणशी १ लाख ५४ हजार. सीटसाठी भरलेले पैसे मिळवले तरी दोघांच्या मिळून ६६ हजार रुपयांचा हिशेब लागत नव्हता. एजंटने पाठवलेली पीडीएफ हे तिकीट नव्हतंच, त्याने स्वतःच्या संगणकावर तयार केलेला प्रवासाचा तक्ता होता. त्यावर १३ आकडी तिकीट क्रमांकसुद्धा नव्हता. हे आम्ही निघण्याआधी पाच मिनिटांत तपासू शकलो असतो. बॅगांवरूनही शंका आली नाही, कारण अमेरिकेला जाताना बऱ्याच कंपन्या साध्या इकॉनॉमीलाही २३ किलोच्या दोन बॅगा देतात.

एजंटला फोन केला तर म्हणाला, "काकू, तेच असतं ते. पुढे जागा मिळाली ना?" मग म्हणाला, कंपनीने ऐनवेळी वर्ग उतरवला असेल. ही दुसरी थाप लक्षात ठेवा, कारण ती पटण्यासारखी असते. कंपनीने खरंच प्रवाशाला खालच्या वर्गात बसवलं, तर डीजीसीएचा, म्हणजे आपल्या सरकारच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा, १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू झालेला नियम आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात १५०० किलोमीटरपर्यंत तिकिटाच्या ३० टक्के, ३५०० पर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे ७५ टक्के रक्कम करांसह परत करावी लागते. युरोपातही अशीच टक्केवारी आहे. पण आमचा वर्ग कुणी उतरवलाच नव्हता. तिकीटच इकॉनॉमीचं काढलेलं होतं, त्यामुळे कंपनीकडे मागण्यासारखं काही नव्हतं.

एका तिकिटात दोन वर्ग असणं हा गुन्हा नाही, हेही सांगायला हवं. युरोपातल्या तास-दोन तासांच्या विमानांत प्रीमियम इकॉनॉमी सहसा नसतेच, तिथे वर्ग बदलणारच. पण मग छोटा टप्पा इकॉनॉमीचा आणि लांबचा प्रीमियमचा असायला हवा. आमच्या बाबतीत लांबचाच टप्पा खाली ढकलला होता. मुलीच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला तर मुंबई-दिल्ली प्रीमियम आणि दिल्लीपासून पुढे इकॉनॉमी अशी तिकिटं मिळाली होती. आपल्याकडे ही श्रेणी 'विस्तारा' या विमान कंपनीने २०१५ मध्ये आणली, म्हणजे ती तशी नवीनच आहे. आमच्या वयाच्या लोकांना नाव माहीत असतं, वस्तू माहीत नसते, आणि नेमकं तिथेच फावतं.

परतीच्या लांबच्या टप्प्यासाठी आम्ही कंपनीकडे माणशी ४९० डॉलर स्वतः भरून प्रीमियम घेतलं. यांचा पाय पुन्हा पणाला लावायची माझी तयारी नव्हती. त्याची पावती जपून ठेवली.

परत आल्यावर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन केला. एजंटने पंधरा हजार देऊ केले आणि वर "विषय मिटवून टाकू" म्हणाला. मी नाही म्हटलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. अर्ज मी स्वतः लिहिला. व्हॉट्सॲपवरची पीडीएफ, मूळ ई-तिकीट, दोन्ही विमानांचे बोर्डिंग पास, ४९० डॉलरच्या पावत्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी जोडली. बोर्डिंग पास यांनी पुस्तकात खूण म्हणून ठेवले होते, म्हणून सापडले. तुम्ही ते टाकू नका.

सगळ्यांत वर लावलाय तो त्याच्या सही-शिक्क्याचा कागद, दोघांच्या ४ लाख १० हजारांचं बिल. त्यावर त्याच्याच अक्षरात लिहिलंय: प्रीमियम इकॉनॉमी, जाऊन-येऊन, पूर्ण प्रवास. पैसे देताना मी ते मागून लिहून घेतलं होतं. त्याला नोटीस गेली आहे आणि पुढची तारीख लागली आहे.